डोंगर बोलत होता तेव्हा तू वर होतीस

आक्का,

तुला जाऊन तीन आठवडे झाले. काल रत्नाचा निरोप आला की डोंगर शांत होत चालला आहे, दिवसाला पाच-सहाच हादरे येतात आणि तेही खोलवरचे. तुझ्याबरोबर इंडोनेशियात ज्वालामुखीवर काम करणारी ही मुलगी मला एक दिवसाआड त्या डोंगराची तब्येत कळवते, दवाखान्यात ठेवलेल्या नातेवाइकाची कळवावी तशी. मी 'बरं' एवढंच लिहितो. त्या डोंगराला बरं वाटावं असं मला वाटतं की नाही, ते अजून ठरत नाही.

दिवाळीला आलीस तेव्हा माझ्या मोबाइलवर तू एक पान उघडून दिलं होतंस. डोंगराभोवती पुरलेली, हादरे टिपणारी तुझी पाच यंत्रं आणि त्यांच्या पाच रेघा. चार अजून हलतात. पाचवी, सगळ्यात वरची, सपाट आहे. अंबडच्या अलीकडे एका शिवारात बोअरची गाडी उभी होती तेव्हा जेवणाच्या सुट्टीत मी ते पान बघत बसलो. भर दुपार, पोरं लिंबाखाली डबे उघडून बसलेली, आणि माझ्या हातात तुझी रेघ उठत होती, बसत होती. समुद्राच्या लाटांनीही ती हलते असं तू सांगितलं होतंस. म्हणजे तिथं काही झालेलं नसतं. तरी मी प्रत्येक वेळी मोबाइल जवळ नेतो.

शोकसभेत लोक चांगलं बोलले. तुझं शिक्षण, तुझे परदेश, आपल्या तीर्थपुरीचं नाव. मला त्यातली बाई ओळखू येईना. मला दिसत होतीस ती जमिनीवर पालथी पडलेली, दहा-अकरा वर्षांची.

आबा तेव्हा विहिरींना सुरुंग लावायचे. सुट्टीत आपल्या दोघांना बरोबर न्यायचे आणि लांब, तिसऱ्या शेताच्या बांधामागं बसवायचे. मी सहा वर्षांचा, कानात बोटं घालून तयार. तू मात्र काळ्या मातीवर आडवी व्हायचीस, गाल जमिनीला लावून. हसनाबादकडच्या एका शेतात तू मला ओढून शेजारी निजवलंस आणि म्हणालीस, "दत्ता, आधी पोटाला कळतं, मंग कानाला." मी पडून राहिलो. पोटाखाली जमीन एकदा दचकली. मग काहीच नाही. बांधावरच्या टिटव्या उडाल्या, आबांचा हात वर होता, आणि आवाज अजून आलेलाच नव्हता. एक अख्खा श्वास झाल्यावर तो आला.

मला त्या मधल्या श्वासाची फार भीती वाटली. जे व्हायचं ते होऊन गेलेलं असायचं आणि आपण अजून ऐकायचं बाकी. परत कधी मी जमिनीवर निजलो नाही. तू प्रत्येक सुरुंगाला निजायचीस. घरी आल्यावर आई तुझ्या गालावरची माती पुसायची आणि आबांना बोलायची.

आक्का, आता दिवाळीतल्या त्या दुपारबद्दल बोललं पाहिजे. ते टाळून मला पुढं जाता येणार नाही.

मोसंबीच्या मळ्यातल्या विहिरीचं काम चाललं होतं. चाळीस फूट खाली गेलो होतो. मजूर सणाला घरी गेलेले, शिडी तशीच लावलेली. तू म्हणालीस, चल, खाली उतरू. ऊन विहिरीच्या अर्ध्या भिंतीपर्यंत येत होतं, त्याखाली गारवा होता. दोन काळ्या दगडांच्या थरांमधली विटकरी रंगाची पट्टी आम्ही बोअरवाले रोज बघतो. पावडर लाल आली की म्हणतो, लाल पट्टी लागली, आता दगड बदलणार. तू त्या पट्टीवर बोट ठेवलंस आणि ती काय आहे ते मला पहिल्यांदा सांगितलंस. खालचा थर वितळलेल्या दगडाचा रस होऊन वाहत आला, थिजला. मग किती काळ कुणास ठाऊक, त्यावर पाऊस पडला, त्याची माती झाली. आणि एक दिवस तेच पुन्हा वाहत आलं आणि त्यानं ही माती भाजून काढली. अशा थरांवर थर. आपली विहीर, आपला मळा, गाव, सगळं त्या थिजलेल्यावर बसलेलं.

मी विचारलं, "आता खाली काही हाय का?"

"इथं? बिलकुल न्हाई. इथलं केव्हाच थंड झालं." असं म्हणून तू भिंतीला कान लावलास आणि बराच वेळ तशीच राहिलीस. मी विचारलं काय ऐकू येतं. तू म्हणालीस, "काहीच न्हाई रे. तेच तर ऐकून राह्यले."

वर मोसंबीच्या झाडांवर उन्हाचा उजेड होता, पोपट ओरडत होते. आणि माझी बहीण मेलेल्या दगडाचा आवाज ऐकत उभी होती, चेहऱ्यावर सुख घेऊन.

मग तू मला विचारलंस, गाडी चालू असताना खाली काय लागलं ते मी कशावरून ओळखतो. मी सांगितलं, आवाजावरून. काळ्या पाषाणात हॅमर खणखणतो. मांजऱ्यात, म्हणजे त्या भोकाभोकांच्या मऊ दगडात, तो ठस्स वाजतो. फट लागली की आवाज एकदम खोल जातो आणि मिनिटाभरात पावडर ओली येते. तू इतकी खूश झालीस. म्हणालीस, माझंही तेच काम आहे, फक्त माझ्याकडे खाली जाणारी गाडी नाही.

मग विहिरीच्या तळाशी, तुटलेल्या दगडावर बसून, तू मला तुझा डोंगर ऐकवलास. खालून तापलेला रस वर यायला लागला की आधी दगड तडकतो. ते हादरे छोटे, धारदार असतात. पाच यंत्रांपैकी कुठल्याला हादरा आधी पोचला, कुठल्याला नंतर, त्यावरून तो किती खोल झाला ते कळतं. आज इथं, उद्या त्याच्या थोडं वर, परवा आणखी वर. डोळ्यांना काही दिसत नसताना त्याची वाट कागदावर उमटत जाते. मग त्या तडकलेल्या फटींतून रस आणि वाफ वाहायला लागली की हादरे बदलतात. लांब होतात, संथ होतात, रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर घुमतं तसे. कधी नुसतीच घरघर, तासन्‌तास. आणि शेवटी कधीकधी ठोके येतात. एकसारखे, एका अंतरानं, एकाच जागेवरून. घट्ट झालेला रस नळीत अडकतो, सरकतो, अडकतो, सरकतो.

"आतून कुणी दार वाजवल्यासारखं," मी म्हणालो.

तू म्हणालीस, दार वाजत असतं तोवर ठीक. ते मध्येच थांबलं की आमच्या ऑफिसात कुणी चहाही पीत नाही. कारण थांबलं म्हणजे रस खाली गेला असेल, नाहीतर तोंड बुजून आत कोंडलं असेल. दोन्हींची शांतता सारखीच दिसते.

आणि मग तू ते सांगितलंस जे तू बहुतेक कुणालाच सांगितलं नव्हतंस. दोन वर्षांपूर्वी हादरे असेच वर वर चढत आले होते, तुझ्या सांगण्यावरून उतारावरची तीन गावं खाली आणली गेली, लोक शाळांमध्ये, तंबूंत राहिले. आठवडे गेले. रस मध्येच थांबला. तसा तो अनेकदा थांबतो, म्हणालीस, वर येतोच असं नाही. पण मागं सोडलेली गुरं मेली, भाजी शेतात सडली, तंबूत एक म्हातारा गेला. परतताना त्याच्या सुनेनं तुझ्याकडे नुसतं बघितलं. तिचं ते बघणं तुझ्या डोळ्यांपुढून जात नव्हतं.

मी तेव्हा काय बोलायला पाहिजे होतं ते आता मला पाठ आहे. मी बोललो ते असं: "लोकांना घरातून काढायचं अन्‌ डोंगर गप्प बसला तर तुझं काय जातं? तू विमानानं माघारी येती. खाली काय हाय ते बराबर कळल्याशिवाय बोलू नये माणसानं."

तू म्हणालीस, "बराबर कळंस्तोवर थांबलं, तर सांगायला लोक राहात न्हाईत, दत्ता."

मी म्हणालो, मग नक्की कळेल असं काहीतरी कर. आणि शिडी चढून वर आलो. वर येऊन तुला हात द्यायला मी वळलो, पण तू एकटीच चढून आलीस. जायच्या दिवशी अंबडच्या स्टँडवर तुझी बॅग एस.टी.त ठेवताना मला म्हणायचं होतं की मीही पन्नास जागी पाणी लागेल म्हणून सांगितलंय आणि कोरडी बोअर मारून निघून आलोय. ते मी बोललो नाही. तू खिडकीतून आईला सांभाळ म्हणालीस. गाडी निघाली.

पुढचं मला रत्नानं व्हिडिओ कॉलवर सांगितलं. तिचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी, दोन्ही मोडकी, म्हणून ती कागदावर काढून दाखवायची.

हादरे पुन्हा सुरू झाले होते. पहिल्यांदा खोल, मग वर. आणि नेमकं तेव्हाच सगळ्यात वरचं, तोंडाजवळचं यंत्र बोलेनासं झालं. यंत्र चालू होतं, त्याचा रेडिओ बिघडला होता. खालच्या चार यंत्रांवरून काहीतरी येतंय एवढं कळत होतं, पण ते किती वर पोचलंय ते सांगता येत नव्हतं. जिल्ह्याचे अधिकारी विचारत होते, नक्की सांगा, मागच्यासारखं नको. रत्नाचं म्हणणं होतं की आत्ताच सांगून टाकू. तू म्हणालीस, एकदा वरचं यंत्र जोडते, मग कुणाला शंका राहणार नाही. तुला कुणी पाठवलं नाही, तू आपणहून गेलीस, हे ती मला तीनदा म्हणाली. मग तिनं विचारलं, सुलभाला इतकी खात्री कशाला हवी होती, तुम्हाला काही बोलली होती का. मी नाही म्हणालो. विहिरीतलं ते बोलणं मी आज इथं पहिल्यांदा लिहितो आहे.

सकाळी तू, वाट दाखवणारा दर्मा आणि त्याचा भाऊ, असे तिघं वर पोचलात. तू यंत्राचं झाकण उघडून लॅपटॉप जोडलास. थोड्या वेळानं तू दर्माला म्हणालीस की तुम्ही दोघं आत्ताच्या आत्ता खाली निघा, मी मागून येते. बाहेर काही नव्हतं. आकाश निळं होतं, तोंडातून रोजच्याएवढाच धूर होता. दर्मा म्हणतो, बाई इतक्या हळू आवाजात बोलल्या की आम्ही का म्हणून विचारलंही नाही.

तुला पडद्यावर घरघर दिसली होती. रत्नाला ती खाली दिसत नव्हती, कारण रेडिओ अजून बंद होता. त्या वेळी साऱ्या जगात ती एकट्या तुला माहीत होती.

त्यानंतर तू रेडिओ जोडत तिथं अकरा मिनिटं थांबलीस; नुसत्या सांगण्यावर या वेळी कुणी हललं नसतं. मग रत्नाच्या समोरची पाचवी रेघ जिवंत झाली. वॉकीटॉकीवर तू विचारलंस, आलं का? ती म्हणाली, आलं, सगळं दिसतंय, खाली ये. तू म्हणालीस, निघाले. थोड्याच वेळात डोंगराच्या तोंडाशी वाफेचा स्फोट झाला. रस नव्हता तो, नुसती कोंडलेली वाफ आणि दगड. असा स्फोट फारशी सूचना देत नाही, रत्ना म्हणाली. तुझ्या यंत्राला ती मिळाली, कारण ते अगदी उशाशी होतं.

तुझं यंत्र तुझ्यानंतर दीड दिवस जगलं. राखेखालून ते सांगत राहिलं. ठोके त्यानंच पहिल्यांदा पकडले. ते किती वर आलेत ते आता कागदावर स्पष्ट दिसत होतं, अधिकाऱ्यांनी काही विचारलं नाही. तिन्ही गावं त्याच संध्याकाळच्या आत रिकामी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी ठोके थांबले, आणि मग डोंगर खरोखरचा फुटला. त्यातलं एक गाव आता नाही. माणसं आहेत.

मला तुझा राग आहे, आक्का. त्या अकरा मिनिटांचा. मग मला त्या तीन गावांतली कुठलीतरी सून दिसते आणि राग कुठं ठेवावा ते कळत नाही. मग मी विहिरीतल्या माझ्या बोलण्यापाशी येतो आणि तिथून हलत नाही.

तुला तिकडेच अग्नी दिला. मी गेलो होतो, आई नव्हती. मी कलश घेऊन आलो, शहागडला गोदावरीत सोडला. आई काठावर बसली होती आणि तिचं लक्ष नव्हतं. घरी आल्यावर म्हणाली, डब्यात काय बी देतील. तिनं तुझा चेहरा बघितला नव्हता. पुढं रोज दुपारी ती ओसरीवर बसायची आणि फाटकाची कडी वाजली की मान वर करायची. जेवताना तुझ्या नावानं एक भाकर बाजूला काढून ठेवायची. नैवेद्याची नव्हे. तू उशिरा येणार असलीस की ठेवायची तशी, फडक्याखाली. खरं सांगतो, दोनदा कडी वाजली तेव्हा मीही उठलो.

मागच्या रविवारी रत्नानं एक फाइल पाठवली. सोबत लिहिलं होतं की हे पाठवावं की नाही याचा तिनं पुष्कळ विचार केला. वरच्या यंत्रानं त्या सकाळचं सगळं, डोंगराचं तसं तुम्हा तिघांचंही, नोंदवून ठेवलं होतं आणि रेडिओ जुळल्यावर खाली पाठवलं होतं. माणूस जवळून चालला तरी त्या यंत्राला कळतं. तिनं त्या हालचालीचा सूर वर चढवून कानाला ऐकू येईल असा केला होता, चाल मात्र तीच ठेवली होती.

मी आधी एकट्यानं मळ्यात ऐकलं. आईला ऐकवायचं नाही असं ठरवून घरी आलो. ओसरीवर ती बसलेली होती. फडक्याखाली भाकर होती. मी स्पीकर आणून तिच्यापुढं ठेवला आणि सांगितलं, आई, आक्का गेली त्या दिवशीचं हाय.

मी सुरू केलं.

पहिल्यांदा नुसता वारा. मग तीन माणसांची पावलं, लांबून जवळ, एकमेकांत मिसळलेली. थांबली. मग दोघांची पावलं भराभर दूर गेली, पुसट झाली. उरली एकाच माणसाची. चार पावलं तिकडं, चार इकडं. पुन्हा तिकडं. आणि त्या सगळ्याच्या खाली, वाऱ्यापेक्षा खोल, एक घरघर सुरू झाली होती, खालच्या खोलीत कुणी जातं ओढत असावं तशी.

आई पुढं वाकली. डोळे मिटलेले. "सुलूच हाय," ती म्हणाली. "उजवा पाय घासून टाकती. पायात काटा मोडल्ता तवापासून." मी तुझ्याबरोबर वाढलो आणि हे मला ठाऊक नव्हतं.

अकरा मिनिटं आम्ही तुला चालताना ऐकलं. मध्ये एकदा तू बराच वेळ हलली नाहीस, तेव्हा आईचा हात माझ्या मनगटावर आला. मग पावलं पुन्हा सुरू झाली, या वेळी दूर जाणारी. तू पळत नव्हतीस. उतारावर म्हातारं माणूस जपून उतरतं तशी उतरत होतीस, आणि घरघर वाढत होती. तिथं मी बंद केलं.

आई म्हणाली, "पुढं हाय ना?"

मी म्हणालो, "हाय. पण नको."

"लाव."

मी लावलं. एक दणका, मग ओसरी भरून राहील असा खडखडाट, यंत्राच्या आजूबाजूला पडणारे दगड. तो हळूहळू विरला. पावलं नव्हती. घरघर होती, आणि तिच्यामागून, फार खालून, एक ठोका. थोड्या वेळानं आणखी एक. मग त्याच अंतरानं तिसरा. आईनं स्पीकरवर तळहात ठेवला होता. मी बटणाकडे हात नेला तर तिनं मान हलवली. आम्ही बसून राहिलो. ठोके जवळ येत होते, आपल्या ओसरीच्या फरशीखालून यावेत तसे, आणि आई तापलेल्या लेकराच्या पाठीवर हात ठेवावा तशी हात ठेवून होती.

बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "त्या गावातली लोकं निघाली का मंग?"

मी म्हणालो, "निघाली. समदी निघाली."

"लेकरंबाळं?"

"समदी, आई."

तिनं हात काढून घेतला, पदरानं तोंड पुसलं आणि भिंतीला धरून उठली.

"मंग कर बंद," ती म्हणाली.